‘भांडारकर प्रतीत नाही’ म्हणजे नेमकं काय?

महाभारतावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं: “हे भांडारकरच्या प्रतीत नाही.” ते आलं की वाद संपल्यासारखा वाटतो. गणपतीने महाभारत लिहून घेतलं? भांडारकर प्रतीत नाही. स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला ‘सूताला वरणार नाही’ असं सुनावलं? नाही. वस्त्रहरणाच्या वेळी कृष्णाचा धावा? तोही नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मग एकच अर्थ उरतो, की हे सगळं खोटं, कुणीतरी मागाहून घुसडलेलं.

माझं म्हणणं असं की हा अर्थ त्या आवृत्तीवर अन्याय करणारा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने जवळजवळ अर्धं शतक खपून, अनेक पोथ्या ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती तयार केली. तिलाच लोक ‘भांडारकर प्रत’ म्हणतात. ते काम खरं-खोटं ठरवणाऱ्या न्यायालयाचं नव्हतं. ते पुरावा मांडण्याचं काम होतं. मानव्यविद्यांमध्ये ‘संशोधन’ म्हणजे नक्की काय करतात, असं कुणी विचारलं तर मी याच कामाकडे बोट दाखवीन. त्यात भाषा आहे, इतिहास आहे, समाज आहे आणि तर्कशास्त्र तर ठासून भरलेलं आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. महाभारताची ‘मूळ प्रत’ कुठेही नाही. जे आहे ते नकलांच्या नकला. भूर्जपत्र आणि ताडपत्र दोन्ही दीर्घकाळ टिकत नाहीत, म्हणून दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून जुनी पोथी नवी उतरवून काढायची. असं शतकानुशतकं चाललं, तेही काश्मीरपासून केरळपर्यंत आणि प्रत्येक प्रांताच्या लिपीत. एकट्या आदिपर्वाच्या 235 पोथ्यांची माहिती संपादकांकडे जमली होती. त्यांतल्या 107 देवनागरीत, 32 बंगाली लिपीत, 31 दक्षिणेत संस्कृतसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीत, 28 तेलुगूत, 26 मलयाळम लिपीत. नेपाळी 5 आणि काश्मीरच्या शारदा लिपीतल्या फक्त 3. यातल्या कुठल्याही दोन पोथ्या शेजारी ठेवल्या तर त्या तंतोतंत जुळत नाहीत. कुठे एक शब्द वेगळा, कुठे श्लोकांचा क्रम उलटा, कुठे अख्खी कथा जास्तीची.

हे फरक कसे पडतात? काही अगदी साधेपणाने. लेखनिकाची नजर एका ओळीवरून खाली सरकते आणि मधली ओळ गळते. एका लिपीतलं अक्षर दुसऱ्या लिपीतल्या भलत्याच अक्षरासारखं दिसतं. कुणी अभ्यासकाने समासात एखादा समजुतीचा श्लोक टिपून ठेवलेला असतो. पुढचा नक्कल करणारा तो मूळचाच समजून आत घेतो. काही फरक मात्र जाणूनबुजून केलेले असतात, आणि ते भक्तीपोटी. कीर्तनकार, पुराणिक, कथा सांगणारे सूत यांना एखादा प्रसंग अपुरा वाटला की ते तो भरून काढतात. आपल्या प्रांतात माहीत असलेली कथा पोथीत नसेल तर ती पोथीत आणतात. ग्रंथ जिवंत होता, रोज सांगितला जात होता, म्हणून तो वाढला. निर्जीव ग्रंथात कुणी भर घालत नाही.

आता या गर्दीतून मागे कसं जायचं? सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग बहुमताचा, आणि तोच चुकीचा. परीक्षेत चार मुलांनी एकाच गणितात एकच विचित्र चूक केली असेल तर चौघांना ती स्वतंत्रपणे सुचली असं कुठलेही गुरुजी मानत नाहीत. तिघांनी एकाची पाहून लिहिलं हे त्यांना लगेच कळतं. त्या चार उत्तरपत्रिका म्हणजे एकच साक्ष. पोथ्यांचंही तसंच. शंभर देवनागरी पोथ्या एकाच कुळातल्या असतील तर त्यांचं मत एक. याउलट, ज्यांचा एकमेकींशी संबंध येणं कठीण अशी काश्मीरमधली एक आणि केरळमधली एक पोथी एखाद्या शब्दावर एकमताने उभ्या राहिल्या, तर तो शब्द या दोन्ही परंपरा वेगळ्या होण्याच्या आधीचा असणार. म्हणून पोथ्या मोजायच्या नसतात. आधी त्यांची वंशावळ लावायची असते. पोथीत एखाद्या जागी जे शब्द असतात तो तिथला ‘पाठ’, म्हणून या सगळ्या विद्येला पाठचिकित्सा म्हणतात.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हेच केलं. त्यांनी आपल्या कामाचं वर्णनही करून ठेवलं आहे: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परि पाठांतरीं शुद्ध अबद्ध । तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥’ ग्रंथ मुळात शुद्धच आहे, पाठांतरांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतल्या पाठांमध्ये, शुद्ध-अशुद्ध यांची सरमिसळ झाली आहे, ती मी शोधून काढली. यापेक्षा नेमकी व्याख्या आजच्या प्राध्यापकांनाही करता येणार नाही. शिवाय त्यांनी ताकीद दिली: ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालील त्याने ‘अमृताचे ताटीं, जाण नरोटी ठेविली’, म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. प्रक्षेपाचा, म्हणजे मागाहून घुसडलेल्या मजकुराचा प्रश्न त्यांना किती टोचत होता ते या एका ओळीत दिसतं. पण एकनाथांनी कोणते पाठ नाकारले, का नाकारले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यांचा निर्णय आपण श्रद्धेने स्वीकारतो, तपासू शकत नाही. आधुनिक पाठचिकित्सेचं वेगळेपण नेमकं इथे आहे.

महाभारताची अशी आवृत्ती व्हावी ही सूचना 1897 साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत संस्कृतचे अभ्यासक मोरिझ विंटरनिट्झ यांनी केली. जर्मनीत हाइनरिश ल्युडर्स यांनी 1908 मध्ये नमुन्याची थोडी पानं छापूनही दाखवली. मग पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातली योजना बारगळली. इकडे 6 जुलै 1917 रोजी पुण्यात रा. गो. भांडारकरांच्या नावाने संस्था उभी राहिली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. सचित्र महाभारताची त्यांना ओढ. त्यांनी एक लाख रुपयांचं आश्वासन दिलं आणि 1 एप्रिल 1919 रोजी खुद्द भांडारकरांच्या हस्ते पाठ नोंदण्याला आरंभ झाला. एवढ्याशा संस्थानाच्या अधिपतीने हा भार उचलावा याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कामाला खरी शिस्त आली ती 1925 मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाल्यावर. ते केंब्रिजला गणित शिकलेले आणि नंतर बर्लिनला ल्युडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात तयार झालेले. त्यांच्या कामात गणिती माणसाची सवय जागोजागी दिसते: प्रत्येक पायरी उघडी ठेवायची.

ते काम रोज कसं चालायचं हे पाहण्यासारखं आहे. फूलस्केप आकाराचा एक कागद, उभ्या-आडव्या रेघांनी आखलेला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, प्रचलित आवृत्तीतला एक श्लोक. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. शास्त्री पोथी समोर घेऊन बसायचे आणि वरच्या श्लोकापेक्षा जिथे फरक असेल तिथे, त्याच अक्षराच्या बरोबर खाली, त्या पोथीतला पाठ लिहायचे. अक्षराखाली अक्षर. उजव्या बाजूला चार इंचांचा रकाना मोकळा. पोथीत कुणी खाडाखोड केली असेल, समासात भर घातली असेल, जास्तीचा श्लोक असेल तर तो तिथे. भर फार लांब असेल तर वेगळ्या कागदावर उतरवून तो योग्य जागी जोडायचा. एकाने केलेली नोंद दुसऱ्या शास्त्र्यांनी पुन्हा पोथीशी ताडून पाहायची. असा एक कागद म्हणजे एक श्लोक. हजारो श्लोक. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणं शक्य नव्हतं, म्हणून शांतिनिकेतनात विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही ताडून पाहण्याची केंद्रं चालवली गेली. तंजावरचं ग्रंथालय भोसले राजांनी वाढवलेलं, हे वाचकांना आठवेलच.

अशा भरलेल्या कागदांवरून संपादकाने पाठ निवडायचा. नियम थोडेच होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या शाखा जिथे जुळतात तो पाठ घ्यायचा. महाभारताच्या पोथ्या ढोबळमानाने उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अशा दोन घराण्यांत पडतात, तेव्हा उत्तर आणि दक्षिण एकमताने सांगत असतील तर प्रश्न मिटला. दोन्हीकडे वेगवेगळा पाठ असेल तर कोणता पाठ बिघडून दुसरा तयार होऊ शकतो ते पाहायचं. इथे एक गंमतीदार पण पक्का नियम लागू पडतो: अवघड शब्द सोपा केला जातो, सोपा सहसा कुणी अवघड करत नाही. म्हणून व्याकरणात न बसणारं, जुनाट, खडबडीत रूप बहुधा अधिक जुनं. आणि तिसरी गोष्ट, जी महाभारताला विशेष लागू आहे: या ग्रंथात भर घालण्याची प्रवृत्ती मोठी आणि गाळण्याची फार थोडी. इतक्या पवित्र ग्रंथातला सुंदर प्रसंग मुद्दाम कोण काढून टाकेल? तेव्हा एखादा भाग अनेक स्वतंत्र शाखांमध्ये नसेल तर तो गळला असण्यापेक्षा बाकीच्यांत नंतर आला असण्याची शक्यता जास्त.

छापील पानावर हे सगळं दिसतं. वरती संपादकांनी निश्चित केलेली संहिता, म्हणजे ग्रंथाचा मुख्य मजकूर. जिथे त्यांची स्वतःचीच खात्री कमी होती, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत कोणता पाठ आहे त्याची नोंद. वगळलेला श्लोक किंवा ओळ तिथेच तारांकन करून, क्रमांक देऊन छापलेली. लांबलचक भाग पर्वाच्या शेवटी परिशिष्टात. म्हणजे गणपतीच्या लेखनाची कथा ‘भांडारकर प्रतीत नाही’ हे वाक्य अक्षरशः घेतलं तर चूक आहे. ती संहितेत नाही. परिशिष्टात आहे, आणि कुठल्या पोथ्या ती सांगतात तेही सोबत आहे. संपादकांनी काही फेकलं नाही. त्यांनी जागा बदलली आणि जागा बदलण्याचं कारण वाचकाच्या हातात दिलं. कर्णाला नाकारणारं द्रौपदीचं वाक्यही असंच खाली गेलं आहे. ते मोजक्याच पोथ्यांत सापडतं. गेल्या शतकातल्या किती कादंबऱ्या आणि नाटकं त्या एका वाक्यावर उभी आहेत, याचा विचार केला की पाठचिकित्सेचं वजन लक्षात येतं.

वस्त्रहरणाचा प्रसंग जरा सावकाश पाहू, कारण या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे दिसतात. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन अभ्यासकाने केलं. निश्चित केलेल्या संहितेत दुःशासन भर सभेत द्रौपदीचं वस्त्र ओढू लागतो आणि लगेच पुढचा श्लोक येतो:

आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते ।
तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः ॥

वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होत गेलं. बस, एवढंच. कुणी दिलं, का दिलं, काही नाही. ‘गोविंद द्वारकावासिन्’ हा आपल्या ओठांवरचा धावा इथे नाही. तो प्रचलित आवृत्तीत आहे, बऱ्याच पोथ्यांत आहे; पण सगळ्या शाखांत नाही आणि जिथे आहे तिथेही सर्वत्र एकाच रूपात नाही. एकच जुना श्लोक असता तर त्याचे शब्द बरेचसे जुळले असते. ठिकठिकाणच्या लोकांना हा चमत्कार कारणाविना सोडवेना, म्हणून त्यांनी आपापल्या परीने त्याचं कारण लिहिलं, असा निष्कर्ष एजर्टन यांनी काढला. तो मला पटतो.

पण गोष्ट इथे थांबत नाही. त्याच संशोधित आवृत्तीच्या उद्योगपर्वात, म्हणजे सगळ्या चाळण्यांतून पार पडलेल्या संहितेत, कृष्ण म्हणतो:

ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति ।
यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम् ॥

मी दूर होतो आणि कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, ‘गोविंदा’ म्हणून मला हाक मारली. ते ऋण वाढत चाललं आहे, ते माझ्या हृदयातून जात नाही. आता काय म्हणायचं? हाक सभापर्वात नाही, पण तिची आठवण उद्योगपर्वात आहे. काही अभ्यासक म्हणतात, धाव्याची कल्पना ग्रंथात जुन्यापासून होतीच. दुसरे म्हणतात, हाक मारली असेल, पण वस्त्रं कृष्णाने पुरवली असं या श्लोकातही कुठे म्हटलेलं नाही. उलट तो ‘ऋण’ म्हणतो, म्हणजे हाकेला धावून जाता आलं नाही याचीच ती बोच आहे. मला दुसरं वाचन अधिक हृदयस्पर्शी वाटतं. पण ‘कृष्णाचा धावा भांडारकर प्रतीत नाही, विषय संपला’ असं म्हणणाऱ्याने उद्योगपर्व उघडलेलं नाही एवढं नक्की.

या पद्धतीची एक परीक्षाही झाली, आणि ती कुणी योजलेली नव्हती. आदिपर्व 1933 मध्ये छापून पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडची आदिपर्वाची एक फार जुनी ताडपत्री पोथी पुढे आली. संपादन करताना ती सुखटणकरांनी पाहिलेलीच नव्हती. 1938 मध्ये त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. त्यांनी केवळ तर्काने वगळलेले बरेच भाग या पोथीतही नव्हते. प्रयोगशाळेत भाकीत खरं ठरावं तसा हा प्रकार. साहित्याच्या अभ्यासात सगळं मतामतांवर चालतं असं समजणाऱ्यांनी ही घटना जरूर लक्षात ठेवावी.

तरीही आक्षेप आले, आणि ते हलके नव्हते. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचवलं की आद्य महाभारत रचण्याचा नाद सोडा. नीलकंठांची प्रचलित संहिता छापा आणि खाली पाठभेद द्या. हे नीलकंठ चतुर्धर मूळचे आपल्या कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीला राहून त्यांनी महाभारतावर जी टीका लिहिली, तिच्यासोबतची संहिता पुढे देशभर रूढ झाली. नंतर फ्रेंच अभ्यासक मादलेन बिआर्दो यांनी आणखी मुळाशी जाणारा प्रश्न विचारला: जी कथा तोंडी सांगितली जात होती तिला एकच मूळ लेखी रूप होतं हे कशावरून? गायक दर वेळी थोडं वेगळं सांगतो. त्यातलं ‘पहिलं’ कोणतं?

सुखटणकरांची भूमिका या प्रश्नासमोरही टिकते असं मला वाटतं, कारण त्यांनी मुळात दावाच मोजका केला होता. ही व्यासांनी रचलेली संहिता आहे असं त्यांनी कधीही म्हटलं नाही. हाती असलेल्या पोथ्यांच्या आधारे जितकं मागे जाता येतं, तितकं मागचं हे रूप, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या रूपाच्या आधीही ग्रंथ वाढलेलाच होता; पण त्याचा माग पोथ्या देत नाहीत, आणि पुराव्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही हे त्यांचं व्रत. अख्खी उमर पाठभेदांत घालवलेल्या या माणसाने अखेरीस मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं द्यायला घेतली. चौथं व्याख्यान द्यायच्या आत, 21 जानेवारी 1943 रोजी ते गेले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी धुरा सांभाळली. 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तोवर एकूण 1259 पोथ्या हाताळून झाल्या होत्या. एक लाख श्लोक ही परंपरेतली संख्या. निश्चित झालेली संहिता त्याहून बरीच लहान भरली.

ही आवृत्ती हाताशी आल्यावर इतर विद्याशाखांना काय करता आलं, याचं उत्तम उदाहरण इरावती कर्वे. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. नाती, कुळं, वारसा यांचे प्रश्न त्यांनी महाभारताला विचारले आणि आधार संशोधित आवृत्तीचा घेतला. एखादी चाल त्या काळच्या समाजात होती असं म्हणायचं तर ते वाक्य कुठल्या थरातलं आहे हे आधी कळायला हवं. नाहीतर अकराव्या शतकातली चाल इसवी सनापूर्वीच्या समाजाला चिकटवली जाते. दुसरीकडे, नंतर आलेला भागही समाजाच्या अभ्यासकाला तितकाच मोलाचा असतो. धावा नंतर जोडला गेला, तर तो कधी, कुठल्या प्रांतात, कुठल्या भक्तिपरंपरेच्या प्रभावाखाली जोडला गेला? वगळलेल्या ओळींतून भारतातल्या भक्तीचा इतिहास वाचता येतो. प्रक्षेप म्हणजे कचरा नव्हे. तो त्या त्या काळाने दिलेला जबाब आहे.

आता क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरवलेली आणि जॉन स्मिथ यांनी सुधारलेली संहिता कुणालाही फुकट मिळते. शब्द टाकला की श्लोक समोर. तिचा उपयोग मी रोज करतो. पण इंटरनेटवर सगळ्यात सहज हाती लागते ती पानाच्या वरची बाजू, नुसती संहिता. कुठल्या पोथीत काय आहे हे सांगणारे बारीक टाइप तिथे सहसा नसतात. नागमोडी रेघही दिसत नाही, त्यामुळे संपादकांनी बिचकत निवडलेला शब्द आणि ठामपणे निवडलेला शब्द सारखेच दिसतात. एखादा प्रसंग आहे की नाही यावर पैज लागली असेल, तर त्या पर्वाचा छापील खंड ग्रंथालयातून काढावा, आधी तारांकित ओळी पाहाव्या, मग शेवटचं परिशिष्ट चाळावं, आणि कुठल्या लिपीतल्या पोथ्या तो भाग सांगतात ते मोजण्याऐवजी त्या एकमेकींच्या किती जवळच्या आहेत ते पाहावं. संपादकाची प्रस्तावनाही वाचावी, विशेषतः आदिपर्वाची. ती इंग्रजीत आहे, पण समजायला अवघड नाही, आणि सुखटणकर कुठे अडले, कुठे त्यांनी नाइलाजाने निवड केली, ते त्यांनी तिथे स्वतःच्या शब्दांत सांगितलं आहे.